आजीचं वय काढा

बालमित्रांनो, आज एक गणित घालते. वहीचं मागचं पान उघडा आणि पेन्सिल घ्या. आईबाबा शेजारी असतील तर त्यांनाही बसवा, कारण हे गणित मोठ्यांनाही चकवतं.

एक बाई डिसेंबर २०२३ मध्ये वारल्या. त्यांच्या ट्रंकेत तीन सरकारी कागद निघाले. मतदार ओळखपत्रावर लिहिलं होतं, १ जानेवारी १९९५ रोजी वय ६५ वर्षे. रेशनकार्डावर १९९९ साली वय ६०. आणि आधारकार्डावर जन्मतारीख १ जानेवारी १९४०. तर वारल्या तेव्हा त्या बाईंचं वय किती होतं?

केलंत? पहिल्या कागदाप्रमाणं ९३, दुसऱ्याप्रमाणं ८४ आणि तिसऱ्याप्रमाणं ८३. बाई एक आणि वयं तीन! उत्तरपत्रिकेत असं लिहिलंत तर मी तांबड्या शाईनं गोल करीन. पण इथं चूक तुमची नाही. गणितच तसं आहे.

ही बाई म्हणजे माझी आजी, माझ्या वडिलांची आई. तिचं गाव सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात, वडूजपासून फार लांब नाही. माहेर आणि सासर दोन्ही येरळा नदीच्या काठाला, दोन वेगवेगळ्या अंगांना. मधे वाळू. पाणी असायचं ते पावसाळ्यात, एरवी वाळूत झिरे पाडून वाटीवाटीनं घागर भरायची.

तीन वयं कशी झाली ते सांगते. ओळखपत्राचं काम आलं तेव्हा लिहून घेणाऱ्या माणसानं आजीचे पांढरे केस पाहिले आणि अंदाजानं ६५ लिहिलं. रेशनकार्डाच्या वेळी काकांनी सांगितलं, "साठ लिवा." आधारच्या वेळी कुणीतरी चाळीस साल सांगून मोकळं झालं. नुसतं साल सांगितलं की पुष्कळदा तारीख पडते जानेवारीची पहिली. तुमच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांची आधारकार्डं बघा, एक जानेवारीला जन्मलेले किती निघतात ते मोजा. आमच्या शाळेतल्या जुन्या रजिस्टरात तसेच एक जूनला जन्मलेले आहेत, पानंच्या पानं. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची ना! मास्तरांनी मुलाला आत घेताना तीच तारीख टाकली.

आजीला विचारलं तर ती म्हणायची, "माझं वय? बेंदराला जन्मले मी. एवढं म्हाईत हाय."

बेंदूर म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण. इतर ठिकाणी श्रावणाच्या शेवटी पोळा करतात, आमच्या भागात आषाढात बेंदूर. त्या दिवशी बैलांची शिंगं रंगवतात, पुरणपोळी खाऊ घालतात, कामाला जुंपत नाहीत. म्हणजे आजीचा वाढदिवस आम्हाला ठाऊक होता, तिथीनं. साल तेवढं ठाऊक नव्हतं. कुणी काढायलाही गेलं नाही. तिची नव्वदी-ऐंशी कशाला हवी होती कुणाला? एस.टी.च्या अर्ध्या तिकिटापुरतं वय लागायचं आणि ते तिच्या तोंडाकडं बघून कंडक्टर देऊन टाकायचे. २०२२ च्या ऑगस्टपासून ७५ च्या वरच्यांना एस.टी. फुकट झाली, तेव्हा मात्र ती आधारकार्ड पदराच्या गाठीला बांधून दोनदा उगाचच वडूजला जाऊन आली. "सरकार म्हणतंय तर बसावं," असं तिचं म्हणणं.

तर आता आपण तिचं साल शोधू या. सुगावे तिच्याच बोलण्यातले आहेत. मी ते कधी ना कधी ऐकलेले होते, पण एकाखाली एक मांडले नव्हते.

पहिला सुगावा. ९ सप्टेंबर १९४२ या दिवशी वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला. चले जाव चळवळीचे दिवस. मोर्चाच्या पुढं होते वडगावचे परशुराम घार्गे. कचेरीवर तिरंगा लावायला निघालेल्या या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. घार्गे आणि त्यांच्याबरोबरचे काही जण तिथंच पडले. वडूजमध्ये त्यांचं हुतात्मा स्मारक आहे. तुमची सहल साताऱ्याकडं आली तर जरूर बघा. आजीचे वडील त्या मोर्चाला गेले होते. गोळीबाराची बातमी गावात आधी पोचली, माणसं मागनं आली. ती येईपर्यंत घरात चूल पेटली नाही. आजी दाराशी बसून रडत होती. तिचा चुलता तिला गप्प करायला म्हणाला, "ए बोळके, रडू नगं, येतोय तुजा बा."

वडील रात्री परत आले. पण तुम्ही एक शब्द पकडलात का? बोळके! म्हणजे तिचे पुढचे दात पडलेले होते. मुलांनो, मी पहिली-दुसरीला शिकवते. माझ्या समोर रोज तीस-बत्तीस तोंडं उघडी असतात आणि त्यांतली निम्मी बोळकी. पुढचे दुधाचे दात सहा ते आठ या वयात पडतात. म्हणजे १९४२ मधून सहा वजा करा, आठ वजा करा. आजीचा जन्म १९३४ ते १९३६ च्या मधला. मतदार ओळखपत्रावरचं १९३० साल कटलं आणि आधारवरचं १९४० सुद्धा कटलं. दोन वर्षांच्या पोरीचे दात पडत नाहीत, तिला ते नुकते आलेले असतात.

दुसरा सुगावा मामाआजोबा, म्हणजे आजीचे सख्खे थोरले भाऊ. त्यांना शाळेत घातलं होतं, हिला नाही. त्यांच्या गावच्या शाळेत जुनं जनरल रजिस्टर जपून ठेवलेलं आहे. आमच्या शिक्षकांच्या जातीत हे रजिस्टर म्हणजे तिजोरी. त्यात मामाआजोबांची नोंद आहे : १९३९ साली दाखल, जन्मतारीख १ जून १९३३. (बघा, पुन्हा एक जून!) ही तारीख मास्तरांनी कशी ठरवली तेही मामाआजोबांनी मला सांगितलं. मुलाला उभं करायचं. उजवा हात डोक्यावरून पलीकडं न्यायला सांगायचा. हात डाव्या कानाला लागला की पोर सहा वर्षांचं झालं, घ्या शाळेत. नाही लागला तर पुढच्या वर्षी या. करून बघा, धाकट्या भावंडाला उभं करून. सहाच्या आसपास हात बरोबर कानाला लागतो. तेव्हा तारीख खोटी असली तरी साल फारसं खोटं नाही. आणि आजी मामाआजोबांपेक्षा "दोन बेंदूर" लहान, हे दोघंही सांगत. १९३३ आणि दोन, १९३५.

तिसरा सुगावा आजीनं दिलेल्या पहिल्या मताचा. ती सांगायची की मत द्यायला गेले तेव्हा खोलीत पेट्या मांडल्या होत्या, प्रत्येक पेटीवर वेगळं चित्र. आवडेल त्या पेटीत कागद टाकायचा. आपल्या देशात पहिल्या दोन सार्वत्रिक निवडणुका अशाच झाल्या. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी. पहिली निवडणूक १९५१-५२ ची, दुसरी १९५७ ची. मग तिनं मत दिलं ते कोणत्या? तर ती म्हणायची, "शिमग्याच्या टायमाला मत आन् पाडव्याला नवं पैसं आलं." नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले. त्याआधी रुपयाचे सोळा आणे असत, नंतर शंभर नवे पैसे झाले. म्हणजे १९५७ पक्कं. त्या निवडणुकीत साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील लोकसभेवर निवडून गेले. आजीनं कुणाच्या पेटीत कागद टाकला ते तिनं कधी सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "सांगायचं आसतं तर पेट्या पडद्याआड कशाला ठिवल्या आसत्या?" तेव्हा मतदानाचं वय होतं २१ पूर्ण. (१८ झालं ते १९८९ मध्ये.) १९३५ च्या आषाढात जन्मलेली मुलगी १९५७ च्या शिमग्याला किती वर्षांची? २१ पूर्ण. बसतंय!

तर आजीचा जन्म १९३५ चा बेंदूर. २०२३ च्या डिसेंबरात तिला ८८ पूर्ण झाली होती.

उत्तर आलं. पण गणित सोडवताना मधल्या पायऱ्या बघितल्या की त्या उत्तरापेक्षा मोठ्या निघतात, असं मला याही वेळी झालं. त्यातल्या काही तुम्हाला सांगते. सगळ्या नाही, जागा पुरणार नाही.

आजीच्या तोंडावर खड्डे होते, बारीक बारीक. देवीचे वण. तिला लहानपणी देवी आल्या होत्या. तुमच्यापैकी कुणीही देवीचा रोगी पाहिला नसेल, मीही पाहिला नाही, कारण १९७७ मध्ये आपला देश देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. आजीला ज्या साथीत देवी आल्या त्याच साथीत तिची पाठची बहीण गेली. त्या बहिणीबद्दल तिला फक्त एक आठवत होतं, की ती गुळाचा खडा मुठीत धरून झोपायची.

आजीचं लग्न झालं १९५१ च्या उन्हाळ्यात. ती सोळाला टेकलेली. आजोबा चौथी पास, मुंबईला गिरणीत कामाला. सातारा जिल्ह्यातल्या कितीतरी गावांतले पुरुष तेव्हा असे मुंबईत आणि बायका गावात असत. लग्नात तांदूळ पसरलेलं ताट आणलं. नवऱ्यानं त्यात अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहायचं, अशी पद्धत. आजोबांनी लिहिलं. सगळे वाकून बघायला लागले. आजीही वाकली. पण तिला वाचता येत नव्हतं. तांदळात काय लिहिलंय ते तिला नणंदेनं सांगितलं. तेव्हा तिला कळलं की आता आपण कोण.

माहेरी तिचं नाव एका नदीचं होतं. सासरी देवीचं मिळालं. दोन्ही नावं चांगलीच आहेत, तक्रार त्याबद्दल नाही. (पण मला एक कळत नाही. मुलगी सोळा वर्षं एका हाकेला ओ देते आणि एका दुपारी तिला सांगतात की आता या हाकेला ओ दे. तुमचं नाव उद्यापासून बदललं तर तुम्ही किती दिवस चुकाल?) पुन्हा नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही आणि स्वतःचं नावही कुणी विचारत नाही. सगळी ओळख 'अमक्याची सून', 'तमक्याची आई'. आपल्या देशाच्या पहिल्या निवडणुकीची मतदारयादी केली तेव्हा सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळली, मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांत. कारण काय, तर त्यांनी नाव सांगितलंच नाही. 'अमक्याची बायको' एवढंच सांगितलं, आणि निवडणूक आयोगानं ते नाव म्हणून मान्य केलं नाही. आजीचं नाव यादीत लागलं ते तलाठ्याकडं सासऱ्यांनी सांगितलं म्हणून. सासरचं नाव.

आता दुसरं गणित. हे सोपं आहे. लग्नानंतर पंचवीस वर्षं, म्हणजे आमच्या गावात पिठाची गिरणी येईपर्यंत, आजी रोज पहाटे एक पायली ज्वारी दळायची. खाणारी तोंडं अकरा-बारा. आमच्या घरच्या पायलीत ज्वारी चारेक किलो बसते. मी ती वजनकाट्यावर घालून बघितली आहे. चार किलो रोज, वर्षाचे ३६५ दिवस, पंचवीस वर्षं. किती झालं? ३६,५०० किलो. म्हणजे ३६५ क्विंटल. नऊ टनांचा एक धरला तर चार ट्रक भरून वर थोडं उरेल! चार ट्रक ज्वारी एका बाईनं दोन हातांनी, दगडावर दगड फिरवून, उजाडायच्या आत दळली. यात बाळंतपणाचे दिवस मी वजा केलेले नाहीत. आजीची सात बाळंतपणं झाली, त्यातली पाच मुलं जगली. जावेनं त्या दिवसांत दळलं असेल तेवढं कमी करा हवं तर.

याला जनगणनेत काय म्हणतात? घरकाम करणारी बाई काम न करणाऱ्यांत धरली जाते. आमच्या घरी मोजायला गुरुजीच आले होते. आजी शेणाचे हात धुऊन पुढं आली. त्यांनी विचारलं, काम काय करता. काकाच बोलले, "घरीच असती." पालकहो, २०१९ साली सरकारनं देशभर वेळेची पाहणी केली, कोण दिवसाचा किती वेळ कशात घालवतो याची. त्यात घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं निघाली आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. गिरणी आली, गॅस आला, नळ आला, तरी २९९. आजीच्या काळी कुणी घड्याळ लावलं नाही.

दळायची वेळ पहाटे चारची. त्यामुळं एक गोष्ट अशी झाली की कोयनेचा भूकंप आमच्या घरात पहिल्यांदा आजीला कळला. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. सगळे गाढ झोपलेले, आजी जात्यावर. ती सांगायची, "खुट्यावरनं हात उचलला, तरी जातं आपलं हललंय. मला वाटलं मलाच घेरी आली." मग पणती विझली, उतरंडीतली मडकी एकावर एक आपटली, बैल दावी तोडायला लागले. तिनं पोरांना एकेकाला पायांनी धरून अंगणात ओढलं. डोकी मोजली. एक कमी. माझे वडील! ते कणगीमागं पोत्यावर झोपले होते. ती परत आत गेली. आमची भिंत चिरली, पडली नाही. कोयनानगरकडं मात्र घरंच्या घरं बसली, जवळजवळ पावणेदोनशे माणसं गेली. दिवस उजाडल्यावर आजीनं काय केलं? अर्धं दळण राहिलं होतं, ते पुरं केलं. पोरांना भाकरी हवी होती ना.

आता तिच्या शाळेची गोष्ट. हो, आजी शाळेत गेली होती, पण पंचविशीला टेकल्यावर. १९५९ मध्ये आपल्या सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. पुढं १९६१ पासून ती सबंध महाराष्ट्रात गेली. गावातल्या मोठ्या माणसांना चार महिन्यांत लिहिता-वाचता करायचं आणि अख्खं गाव साक्षर झालं की समारंभ करायचा, ग्रामगौरव. आमच्या गावात पुरुषांचा वर्ग रात्री चावडीत कंदिलाच्या उजेडात, बायकांचा दुपारी मारुतीच्या देवळात. सासूबाईंनी आधी नको म्हटलं. मग गुरुजींनी सासूबाईंनाच वर्गात बसवलं आणि प्रश्न मिटला. हे मला फार आवडतं.

चार महिन्यांत आजी सावकाश वाचायला लागली. गुरुजींनी प्रत्येकीच्या पाटीवर तिचं नाव काढून दिलं, गिरवायला. आजीनं सासरचं नाव आठ दिवस गिरवलं. ते बसल्यावर एक दिवस ती गुरुजींना म्हणाली, "आणि एक नाव काढून द्या." आणि नदीचं नाव सांगितलं.

"नदीचं नाव कशाला?" गुरुजींनी विचारलं.

"आशीच," आजी म्हणाली.

गुरुजींनी काढून दिलं. तीन अक्षरं. ती घरी जाताना पाटी पदराखाली धरून गेली आणि परड्यात बसून गिरवून पुसून टाकली. हे तिनं पन्नास वर्षं कुणाला सांगितलं नाही. मी डी.एड.ला होते, सुट्टीत घरी बसून मुलांना अक्षरं कशी शिकवायची याची टाचणं काढत होते. ती शेजारी येऊन बसली, माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि कागदाच्या कोपऱ्यात तीन अक्षरं काढली. अक्षर वळणदार नव्हतं, पण एकही काना-वेलांटी चुकली नाही. मला आधी वाटलं, नदीची गोष्ट सांगतेय.

त्या शाळेचा उपयोग असा झाला. मुंबईहून आजोबांची मनिऑर्डर यायची. पोस्टमन आले की सवयीनं शाईचा डबा पुढं करायचे, अंगठ्यासाठी. वर्ग संपल्यावरच्या पहिल्या मनिऑर्डरीला आजीनं डबा बाजूला सारला. "पेन द्या." पोस्टमननी पेन दिलं आणि उन्हात तसेच उभे राहिले, कारण सही व्हायला बराच वेळ लागला. सासूबाईही दारातून बघत होत्या. त्यांचीही सही यायला लागली होती, पण त्यांच्या नावावर मनिऑर्डर येत नव्हती.

१९७२ च्या दुष्काळाबद्दल तुम्ही पुस्तकात वाचलं असेल. खटाव-माण हा पट्टाच कमी पावसाचा, त्यात पाठोपाठ पावसानं दगा दिला. येरळेच्या वाळूत माणूसभर खोल खणलं तरी पाणी लागेना. सरकारनं कामं काढली, नालाबांध, पाझर तलाव, रस्ते. यातूनच पुढं रोजगार हमी योजना उभी राहिली. आजी खडी फोडायला जायची. डोळ्यात कपची जाऊ नये म्हणून कपाळावरचा पदर पुढं ओढून घ्यायची. कामावर सुकडी मिळायची, ती ती पदरात बांधून घरी पोरांना आणायची. रेशनवर परदेशातली तांबडी मिलो ज्वारी यायची. तिच्या भाकरीला ना चव ना चिकटपणा, थापताना तव्यावर जायच्या आधीच फाटायची. माझे वडील अजूनही मिलोचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात.

त्या दुष्काळात बैलजोडी विकावी लागली. चारा नव्हता. बैल नेले तेव्हा आजी घराबाहेर आली नाही. पुढच्या आषाढात बेंदूर आला, गोठा रिकामा. गावात बऱ्याच घरांत तीच गत. आजीनं परड्यातली माती भिजवून दोन बैल केले, शिंगांना हळद लावली, पाटावर मांडले आणि मिलोच्या पिठाची गुळपोळी पुढं ठेवली. त्या दिवशी ती ३८ वर्षांची झाली. हे आता मला हिशेब मांडल्यावर कळतंय. तेव्हा तिलाही माहीत नसणार. पुढं तिनं शेळी घेतली, एकीच्या तीन झाल्या, त्या विकून गोऱ्हा घेतला. तिच्या हिशेबात शेळी म्हणजे बँक होती.

नंतरची वर्षं भराभर सांगते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो कधी मिटलाच नाही म्हणायला हरकत नाही. आजोबा पेटी घेऊन गावी आले ते कायमचे. तीस वर्षं मुंबईत राहिलेल्या माणसाला नांगर धरता येईना. आजीनं शिकवला. लोक हसले, आजोबाही हसले, पण शिकले. मुली दिल्या, सुना आल्या, नातवंडं झाली. आम्हा नातवंडांना तिनं वाढवलं म्हणजे काय केलं, ते तुमच्या आजीवरून ओळखा. माझी दहावीची फी तिनं शेळी विकून भरली होती. आजोबा २००४ मध्ये गेले.

२०२३ च्या डिसेंबरात आजी गेली. शेवटचे दोन दिवस सोडले तर ती हिंडती-फिरती होती. नंतर ग्रामपंचायतीत नोंद करायला काका गेले, मीही बरोबर होते. ग्रामसेवकांनी नाव विचारलं, वय विचारलं. मी म्हटलं ८८. त्यांनी आधारकार्ड मागितलं. त्यांचंही बरोबर आहे, त्यांना कागद लागतो. माझ्याकडं दात, दोन बेंदूर आणि पाडवा एवढंच होतं. त्यांनी ८३ लिहिलं. सरकारी दप्तरात आजी पाच वर्षं कमी जगली. नाव अर्थात सासरचंच लिहिलं.

बाराव्याला मामाआजोबा आले, नातवाच्या मोटारसायकलवर मागं बसून. काठी टेकत ओसरीवर आले, फोटोकडं बघितलं आणि नदीच्या नावानं हाक मारली. आमच्या घरातली पोरं एकमेकांकडं बघायला लागली. माझ्या धाकट्या चुलतभावाची मुलगी चौथीत आहे. तिनं मला हळूच विचारलं, "आत्या, हे कुणाला बोलावतायत?"

जानेवारीत शाळेत आम्ही 'माझे कुटुंब' हा पाठ घेतला. मुलांना घराण्याचं झाड काढून आणायला सांगितलं. सगळ्यांनी छान रंगवून आणलं. पणजोबांपर्यंत नावं होती. मग मी सांगितलं, आता आजीचं माहेरचं नाव तिच्या नावाखाली लिहा, आडनाव नको, तिला लहानपणी ज्या नावानं हाक मारायचे ते. वर्गात शांतता. बोटांवर मोजण्याइतक्या मुलांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी मात्र गंमत झाली. एकजण म्हणाला, आजीला विचारलं तर ती लाजली आणि आधी सांगेचना. एकीच्या आजीला लहानपणी 'चिमणी' म्हणत. एका मुलाच्या आजीनं नाव सांगितलं आणि म्हणाली, बाईंना सांग, वहीत खोडू नका.

मामाआजोबांनी नव्वदी ओलांडली आहे. ऐकायला कमी येतं, पण आठवण खणखणीत आहे. येत्या बेंदराला मी त्यांच्याकडं जाणार आहे, वही घेऊन. पाठची बहीण गेली तिचं नाव विचारायचं आहे. ते आजीनं कधी सांगितलं नाही की मी कधी विचारलं नाही, आठवत नाही. ते शाळेत जायचे तेव्हा आजी दारापर्यंत जायची का, तेही विचारायचं आहे. आणि नदीचं नाव ठेवलं कुणी, आईनं की आत्यानं.